घटनेतल्या मौनाचा अर्थ: खासगीपणाचा हक्क

मागच्या वेळी आपण मूलभूत हक्कांची यादी पाहिली. त्या यादीत खासगीपणा हा शब्द नाही. आज आपण विचारणार आहोत तो प्रश्न एवढाच, की तो राहून गेला की काढून टाकला?

मार्च १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे जे मसुदे आले, त्यातल्या कन्हैयालाल मुनशींच्या मसुद्यात घराची अभंगता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता हे दोन्ही हक्क होते. बाबासाहेबांच्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात माणसाचा देह, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितलेलं होतं. हे उघडच अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीवरून घेतलेलं. उपसमितीने ही कलमं स्वीकारलीही होती.

मग अडलं कुठे? बेनेगल नरसिंग राव म्हणाले, न्यायालयाच्या वॉरंटशिवाय झडतीच नाही असं ठरलं तर पोलीस तपास अडेल. अल्लादी कृष्णस्वामी अय्यरांची हरकत वकिली थाटाची: पत्रव्यवहाराला घटनेचं कवच दिलं तर दिवाणी दाव्यात साधं पत्र पुराव्यात आणायचं कसं? आक्षेप पोकळ नव्हते. पण गंमत बघा, त्या काळच्या कितीतरी नेत्यांच्या घरांची झडती इंग्रजांच्या पोलिसांनी घेतलेली, त्यांची पत्रं फोडलेली. आता पोलीस आपले होणार होते, आणि एकदम तपासाची सोय दिसू लागली! सल्लागार समितीने एप्रिलमध्ये दोन्ही कलमं गाळली. सोमनाथ लाहिरींनी पत्रांच्या गुप्ततेचा मुद्दा सभेत पुन्हा मांडला, तोही टिकला नाही.

यानंतरचा प्रसंग आपल्या मुलखाच्या जवळचा. मध्यप्रांत व वऱ्हाडातून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ३ डिसेंबर १९४८ रोजी झडतीविरुद्धची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांचं उत्तर असं, की ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच. तरी ती विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणं इष्ट ठरेल, म्हणून आपण ती स्वीकारायला तयार आहोत. साधा कायदा बहुमताने बदलता येतो, मूलभूत हक्क तसा बदलता येत नाही, हा भेद त्यांनी नेमका पकडला होता. पण सभागृहात गोंधळ झाला, मतदान पुढे ढकललं गेलं, आणि नंतर दुरुस्ती फेटाळली गेली.

त्याची किंमत नंतर चुकवावी लागली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी म्हटलं, घटनाकारांनी असा हक्क दिला नाही, तर आम्ही तो आयात का करावा? १९६२ मध्ये खरकसिंगच्या घरी रात्री-अपरात्री येणाऱ्या पोलिसांना न्यायालयाने रोखलं, पण खासगीपणा हा हमी दिलेला हक्क नाही, असं बहुमताने सांगितलं. सुब्बाराव आणि शहा यांचं मत वेगळं पडलं.

२४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने हा हक्क मान्य केला, मुख्यतः कलम २१ च्या आधारे. जुन्या चर्चेबद्दल न्यायालय म्हणालं, वाद झाला तो झडती आणि पत्रव्यवहार या दोनच बाबींवर. त्यावरून सभेने खासगीपणाच नाकारला असं म्हणता येत नाही. तर्क म्हणून हे आम्हाला पटतं. मात्र इतिहास म्हणून पाहिलं तर न्यायालयाने संविधान सभेला जरा स्वस्तात सोडलं. त्या दोन बाबी काही किरकोळ नव्हत्या. पोलीस दारात येतो तो त्यांच्यासाठीच.