अर्ध्या कराची कुळकथा

इंदूरच्या रस्त्यावर एमपी १३ पाटीची नवीकोरी गाडी दिसली, तर तिचा मालक उज्जैनच्या राम घाटाशेजारी राहतो असं समजू नका. इंदूरचा क्रमांक एमपी ०९, उज्जैनचा १३. २०२४ साली उज्जैनच्या व्यापार मेळ्यात घेतलेल्या खासगी गाडीला वाहनकरात ५० टक्के सूट जाहीर झाली. अट ही की नोंदणी उज्जैनच्याच आरटीओत व्हावी. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के कर बसतो, तेव्हा अर्ध्या करासाठी लोक शेजारच्या शहरात का जातात हे वेगळं सांगायला नको.

ही सूट ग्वाल्हेरच्या मेळ्यावरून आली, इथवर वाद नाही. तो मेळा माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये सुरू केला, जनावरांचा बाजार म्हणून. पुढे बैलांच्या जागी मोटारी आल्या आणि करसवलत ही त्या मेळ्याची ओळख झाली. माझा प्रश्न त्याच्या मागचा आहे: बाजारात येईल त्याला कर सोडायचा, ही बुद्धी आली कुठून?

विक्री वाढवण्याची आजच्या सरकारांची युक्ती, दुसरं काय, असं बहुतेक जण म्हणतील. मला ते पुरेसं वाटत नाही. मराठी राज्यात नवी पेठ वसवायची तर कौल दिला जाई. या, दुकान मांडा, इतकी वर्षं कर माफ. पुण्याच्या पेठा अशाच कौलांवर भरल्या. राणोजी शिंदे पुण्याच्या याच कारभारातून माळव्यात आले. उज्जैन त्यांची राजधानी झाली, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, आणि १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी बस्तान ग्वाल्हेरला हलवलं. दफ्तर हललं तशी रीतही हलली असणार. कौल आणि १९०५ चा मेळा यांच्यामधलं जवळपास शतकभराचं अंतर मी तर्काने ओलांडतो आहे, हे मान्य. कौल वस्तीसाठी होता आणि सूट विक्रीसाठी आहे, हा आक्षेपही मला ठाऊक आहे. पण दोन्हींचा गाभा एकच: माफी मालाला नाही, अमुक जागी झालेल्या व्यवहाराला आहे. तीच गाडी, त्याच दिवशी, इंदूरच्या शोरूममधून घेतली तर पूर्ण कर.

कर वस्तूवर की व्यवहारावर, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये एक अख्खा मोटारधंदा उभा राहिला. तिथे १९४० पासून खरेदीकर होता. तो तयार गाडीवर लागे, सुट्या भागांवर नाही. १९५७ च्या लोटस सेव्हनचे भाग म्हणूनच खोक्यात भरून विकले जात आणि गिऱ्हाईक घरी गाडी जोडी. जोडणीची पुस्तिका दिली तर ती गाडीची विक्री ठरेल. म्हणून सोबत गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका देत, ती उलटीकडून वाचायची, असं सांगतात. १ एप्रिल १९७३ ला व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली.

पण जुन्या गाडीच्या सांगाड्यावर नामांकित स्पोर्ट्स कारची प्रतिकृती चढवणारे थांबले नाहीत. आता प्रश्न वयाचा होता. चाळिशी ओलांडलेल्या गाडीला तिथे रस्ताकर माफ. मग बीटलच्या बुडावर फायबरची पोर्शे स्पीडस्टर बसवली तर वय कुणाचं धरायचं? नोंदणी खात्याने बरीच वर्षं गुण मोजले: चासीला ५, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला फक्त १. मूळ क्रमांक टिकवायला ८ लागत. आखूड स्पीडस्टरसाठी बीटलचं बूड मधून कापून जोडावं लागतं. बाकी सगळं बीटलचंच ठेवलं तर ९ गुण भरत, तरीही कापलेली चासी म्हणजे क्रमांक गेला, वय गेलं, माफीही गेली. हा निवाडा मला फार शहाणपणाचा वाटतो. आपण इंजिनाला गाडीचा जीव म्हणतो; त्यांनी ओळख सांगाड्यात शोधली.

आपल्याकडे गोष्ट इतकी लांबत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेला मूळ तपशील बदलू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. २०२१ च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी दिली, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसेल तरच. म्हणजे प्रतिकृती जुनी ठरत नाही. आणि विक्रेत्याच्या मांडवातून आलेली नसल्याने मेळ्यातली नवीही ठरत नाही. कर अर्धा की पूर्ण, हा प्रश्नच तिच्यापर्यंत पोचत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातल्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप केली होती, किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी २०२१ च्या डिसेंबरात तिचं मनापासून कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं की नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल. पुढच्या महिन्यात त्या कुटुंबाला तिच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली, आणि जीप महिंद्रांकडे गेली.