तळटीप १४ : सुरी-बाटलीचा प्रयोग

१४. सुरी-बाटलीचा प्रयोग : इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील सुखबिंदर कुमार, टिमोथी ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग, 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'मध्ये २०१२ साली प्रसिद्ध. १३ जणांना ७४ आवाज ऐकवून, मेंदूचा कोणता भाग किती जागा होतो हे एफएमआरआय यंत्राने, म्हणजे रक्तातील प्राणवायूच्या चढउतारावरून, मोजले. प्रत्येक आवाज किती खटकतो याचे गुणही त्यांच्याकडूनच घेतले. काचेच्या बाटलीवर सुरी घासल्याचा आवाज सर्वांत असह्य ठरला. फळ्यावर खडू करकरण्याचा आवाजही वरच्या क्रमांकांत होता. वाहते पाणी आणि बाळाचे हसणे मात्र कोणाला फारसे खटकले नाही. नकोसे आवाज बहुतांशी २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यातले निघाले. माणसाचा कान याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो आणि किंकाळीही यातच येते. त्यामुळे अशा आवाजाने अंगावर काटा येणे हा लाडावलेपणा समजू नये. मजकुरातील 'मेंदूतला बदाम' म्हणजे अमिग्डला : कानशिलामागे खोलवर असलेला, भीतीसारख्या भावनांशी निगडित भाग. आवाज जितका अप्रिय, तितका याचा प्रतिसाद तीव्र, असे या प्रयोगात आढळले.