उपयोग-प्रसंग, अमूर्त व मूर्त
उपयोग-प्रसंग, अमूर्त व मूर्त : संगणक प्रणालीशी बाहेरील कर्ता विशिष्ट हेतूने जो व्यवहार करतो, त्याच्या आरंभापासून निष्पत्तीपर्यंतच्या सुसंगत वर्णनास ‘उपयोग-प्रसंग’ म्हणतात. ‘यूज केस’ ही मूळ इंग्रजी संज्ञाही मराठीत वापरली जाते. कर्ता ही व्यक्तीच असते असे नाही. दुसरे यंत्र वा प्रणालीही कर्ता असू शकते. कर्ता जो प्रसंग स्वतंत्रपणे घडवून आणू शकतो, तो मूर्त होय. जो स्वतंत्रपणे कधीच घडत नाही आणि इतर प्रसंगांच्या अंगानेच घडतो, तो अमूर्त होय.

ही कल्पना स्वीडिश अभियंते ईवार याकॉबसन (१९३९– ) यांनी मांडली. एरिक्सन या कंपनीत दूरध्वनी केंद्रांची रचना करताना जोडणीच्या निरनिराळ्या प्रकारांचे वर्णन ‘वाहतूक-प्रसंग’ या रूपात केले जाई. एकच संभाषण केंद्रातील अनेक घटकांमधून जात असल्याने घटकांची सुटी वर्णने वाचून ते संपूर्ण कसे घडते, याचा बोध होत नसे. प्रसंगाच्या वर्णनाने तो होई. १९८६ मध्ये याकॉबसन यांनी ही रीत कोणत्याही प्रणालीस लागू पडेल अशी व्यापक केली आणि १९८७ मध्ये अमेरिकेतील ऑर्लँडो येथील परिषदेत ती निबंधरूपाने सादर केली.

अमूर्त-मूर्त हा भेद वस्तुकेंद्री कार्यक्रमणातून आला. नॉर्वेमध्ये ओले-योहान दाल व क्रिस्तेन न्यूगोर यांनी तयार केलेल्या सिम्युला ६७ या भाषेत वर्ग व उपवर्ग यांची व्यवस्था होती. ज्याची प्रत्यक्ष उदाहरणे निर्माण होत नाहीत आणि ज्याचे गुणधर्म केवळ उपवर्गांकडे जातात, असा ‘अमूर्त वर्ग’ पुढील भाषांत रूढ झाला. याकॉबसन यांनी उपयोग-प्रसंगही वर्गासारखाच मानल्याने हा भेद त्यालाही लागू झाला. याकॉबसन व त्यांचे सहकारी यांच्या १९९२ च्या ग्रंथात रिकाम्या बाटल्या व डबे परत घेणाऱ्या यंत्राचे उदाहरण आहे. ग्राहकाने वस्तू परत करणे आणि चालकाने दैनिक अहवाल मिळविणे हे मूर्त प्रसंग होत. दोहोंत कागदावर छपाई होते. परंतु केवळ छपाईसाठी यंत्राकडे कोणी येत नाही. म्हणून ‘छपाई’ हा अमूर्त प्रसंग ठरतो.

१९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संघटनेने एकीकृत प्रतिमानन भाषा (यूएमएल) प्रमाण म्हणून स्वीकारली. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ व याकॉबसन हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. तिच्या १९९९ मधील १·३ या आवृत्तीत पूर्वीच्या ‘वापरणे’ या संबंधाची जागा ‘समावेश’ व ‘सामान्यीकरण’ या दोन संबंधांनी घेतली. ‘देयक चुकते करणे’ हा सामान्य प्रसंग अमूर्त ठेवून ‘रोखीने’ व ‘कार्डाने’ चुकते करणे हे त्याचे मूर्त विशेष मानणे, हे सामान्यीकरण होय. मात्र समाविष्ट होणारा प्रत्येक प्रसंग अमूर्तच असतो असे नाही. कर्त्याला तो स्वतंत्रपणेही घडविता येत असेल, तर तो मूर्तच राहतो. लॅरी कॉन्स्टंटाइन व लूसी लॉकवुड यांचा ‘सारभूत’ उपयोग-प्रसंग (१९९९) यांहून निराळा आहे. त्यात तंत्राचे तपशील वगळून कर्त्याचा हेतू तेवढा नोंदवितात. त्यालाही कधीकधी ‘अमूर्त’ म्हटले जात असल्याने घोटाळा होतो.

उपयोग-प्रसंगाचे लेखन हा प्रणाली वापरणारा व ती घडविणारा यांच्यातील करार असतो. पुनरुक्ती टाळण्यासाठी अमूर्त प्रसंग उपयोगी पडतात. समाईक भागात बदल करावयाचा झाल्यास तो एकाच ठिकाणी करावा लागतो. परंतु त्यांची संख्या बेसुमार वाढली, तर वर्णनाचे तुकडे पडतात व त्याला कार्यांच्या सुट्या यादीचे रूप येते. मग आपले काम त्यात पूर्ण होते की नाही, हे ज्याच्यासाठी प्रणाली बांधली जाते त्यालाच उमगत नाही. दूरध्वनी केंद्राच्या घटकनिहाय वर्णनांतील मूळ अडचण पुन्हा उभी राहते. म्हणून आधी मूर्त प्रसंग पूर्णपणे लिहावेत आणि त्यांत खरोखर समाईक आढळेल तेवढेच अमूर्त म्हणून वेगळे काढावे, हा क्रम श्रेयस्कर ठरतो.