मासिक पाळी : ऋतुचक्र आणि स्वच्छता

मासिक पाळी : (ऋतुस्राव, रजःस्राव). वयात आलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाचे आतले अस्तर ठरावीक काळाने सुटून रक्तासह योनिमार्गे बाहेर पडते, त्यास मासिक पाळी म्हणतात. पहिली पाळी, म्हणजे रजोदर्शन, बहुतेक मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी होते. ४५ ते ५५ या वयात पाळी थांबते. सलग १२ महिने ती आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे मानतात.

ऋतुचक्र : स्राव सुरू होतो तो पहिला दिवस धरून पुढचा स्राव सुरू होईपर्यंतचा काळ म्हणजे एक चक्र. २८ दिवस ही सरासरी आहे, नियम नव्हे. प्रौढ स्त्रीचे चक्र २१ ते ३५ दिवसांचे असले, तरी ते निकोपच समजतात. नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलीत पहिली दोन-तीन वर्षे ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते, कारण त्या काळात प्रत्येक चक्रात अंडे सुटतेच असे नाही. तेवढ्याने घाबरून औषधे सुरू करण्याचे कारण नसते.

या चक्राची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीकडे असतात. तिच्या संप्रेरकामुळे दर चक्रात अंडाशयातील काही पुटके वाढू लागतात आणि बहुधा त्यांतले एकच पूर्ण पक्व होते. वाढत्या पुटकातून इस्ट्रोजेन स्रवते आणि गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते. इस्ट्रोजेन पुरेसे वाढले, की पोष ग्रंथीतून दुसऱ्या संप्रेरकाची एकदम लाट येते व सुमारे दीड दिवसात पुटक फुटून अंडे बाहेर पडते. हे अंडमोचन होय. फुटलेल्या पुटकाचा पीतपिंड बनतो. त्यातून येणारे प्रोजेस्टेरॉन अस्तराला गर्भाच्या पोषणायोग्य करते. गर्भ रुजला नाही, तर पीतपिंड साधारण १४ दिवसांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरते, अस्तरातील बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तर सुटू लागते.

चक्र लांबते किंवा आखडते ते मुख्यतः अंडमोचनापूर्वीच्या भागात. जपानचे क्यूसाकू ओगिनो व ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले, की अंडे पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते. म्हणून ‘पाळीनंतर चौदावा दिवस’ ही घरोघरची मोजणी २८ दिवसांचे चक्र नसलेल्या स्त्रीला लागू पडत नाही. ३५ दिवसांच्या चक्रात अंडे एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटते. सुटलेले अंडे जेमतेम एक दिवस टिकते. शुक्रजंतू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात.

स्राव आणि वेदना : स्राव साधारणपणे दोन ते सात दिवस चालतो. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलि. रक्त जाते, ८० मिलि.हून अधिक गेल्यास तो अतिस्राव. हे रक्त अशुद्ध नसते, की शरीरातली घाण बाहेर टाकण्याचा तो मार्गही नसतो. शिरांतून वाहणारे तेच रक्त, त्यात अस्तराचे तुकडे व श्लेष्मा मिसळलेला, एवढाच फरक. ओटीपोटातील कळा अस्तरातून सुटणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे येतात. त्यांनी गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक आम्ल ही औषधे हीच द्रव्ये बनू देत नाहीत, म्हणून कळा सुरू होताच डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास अधिक गुण येतो. शेकण्यानेही आराम पडतो. मात्र दर महिन्याला शाळा किंवा काम बुडावे इतक्या वेदना ‘बायकांना व्हायचेच’ म्हणून सोसायला सांगणे चूक आहे. त्यांमागे एंडोमेट्रिओसिससारखा आजार असू शकतो.

स्वच्छता : घडी, पॅड, टॅम्पॉन, कप यांपैकी काय वापरायचे हे सोय, पैसा आणि पाणी यांवर ठरते. स्वच्छ सुती कापडाची घडी मुळीच कमी प्रतीची नाही. ती गार पाण्यात भिजवून साबणाने धुवावी आणि उन्हात पूर्ण वाळवावी. घरच्या पुरुषांच्या नजरेस पडू नये म्हणून न्हाणीत, दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळत घातलेली घडी दमट राहते आणि त्वचेला खाज, पुरळ, बुरशी होते. या त्रासाचे मूळ कापडात नसून लाजेत आहे. घडी किंवा पॅड चार ते सहा तासांनी, भिजल्यास त्याआधीच बदलावे. टॅम्पॉन आठ तासांपलीकडे ठेवू नये; त्यातून क्वचित, पण जिवावर बेतणारा जंतुविषबाधेचा विकार उद्भवतो. सिलिकॉनचा कप बारा तासांपर्यंत चालतो, पाळी संपल्यावर उकळून ठेवतात व तो काही वर्षे टिकतो. योनीच्या आत साबण किंवा जंतुनाशक घालू नये. तेथील उपयुक्त जिवाणू आम्लता राखून संसर्ग रोखतात. धुण्याने तेच नाहीसे होतात. बाहेरचा भाग साध्या पाण्याने, पुढून मागे असा धुवावा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्यावे, शौचकूपात टाकू नये.

सामाजिक बाजू : महाराष्ट्रात ‘कावळा शिवला’ म्हणून स्त्रीला बाजूला बसवण्याची चाल शहरांत बरीच ओसरली, पण संपलेली नाही. विटाळाच्या दोषासाठी ऋषिपंचमीचे व्रत आजही केले जाते. दुसरीकडे, विटाळ देहातच उपजतो, मग सोवळा कोण, हा प्रश्न चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी अभंगातून विचारला होता. गडचिरोलीतील माडिया वस्त्यांत पाळीच्या दिवसांत बायका गावाच्या कडेला असलेल्या कुर्माघरात राहतात. त्या झोपड्यांत पाणी, वीज, शौचालय नसणे हा तेथील खरा धोका आहे. सॅनिटरी पॅडवरचा वस्तू व सेवा कर २०१८ मध्ये रद्द झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वयोगटातील आरोग्यदायी साधने वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मधील सुमारे ५८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये सुमारे ७८ टक्के झाले.

साधने वाढली, तरी बदलायला आडोसा आणि धुवायला पाणी नसेल, तर ती पुरत नाहीत. याचा सर्वांत कठोर दाखला बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा. नवरा-बायकोची जोडी एक कोयता धरली जाते, उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. फडावर शौचालय नसते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या होत्या. पांढरे जाणे, अंगावरून जाणे, कंबरदुखी अशा बऱ्या होण्याजोग्या तक्रारींवर पाळीच बंद करणे हा उपाय समाजाने त्यांच्यावर लादला, असेच म्हणावे लागते. शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली, तर इस्ट्रोजेन अकाली संपून हाडे ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो.

तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजणे, स्राव आठवड्याहून अधिक चालणे, पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी न येणे किंवा रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास तपासणी करून घ्यावी. कर्करोग नसताना कोणी थेट गर्भाशय काढायचा सल्ला दिला, तर आधी औषधोपचारांबद्दल विचारावे आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.