लिव्होथायरॉक्सिनची मात्रा
अवटू ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, स्राव कमी पडल्यास तोंडाने घ्यावयाचे कृत्रिम संप्रेरक. पूर्ण भरपाईसाठी प्रौढांना दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते. वृद्ध व हृदयरोगी यांच्यात सुरुवात १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमने करतात. पुढची मात्रा मुख्यतः टीएसएचवरून ठरते. पीयूषिका ग्रंथीचे हे संप्रेरक उलट चालते : ते वाढले म्हणजे गोळी कमी पडते, घटले म्हणजे जास्त होते. नवखा रुग्ण अहवाल वाचताना येथेच हमखास गोंधळतो. संदर्भमर्यादा साधारण ०.४ ते ४ मिलि-एकक प्रतिलिटर. प्रयोगशाळेगणिक ती थोडी बदलते. औषधाचे अर्धायुष्य सुमारे ७ दिवस असल्याने मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करतात. पंधरवड्यातली चाचणी बहुधा वाया जाते. एरवी गोळ्या चुकवून तपासणीआधीचे काही दिवसच नेमाने घेतल्या, तर टी४, म्हणजे रक्तातले थायरॉइडचे संप्रेरक, ठीक आणि टीएसएच मात्र चढलेले, असे विसंगत चित्र दिसते. गोळी उपाशीपोटी, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. लोह व कॅल्शियम ४ तासांच्या अंतराने. केसांसाठी घेतलेले बायोटिन काही चाचण्यांचे आकडे फसवे करते. गरोदरपणी गरज बहुधा वाढते. पीयूषिकाच बिघडलेली असल्यास टीएसएचवर विसंबत नाहीत, मुक्त टी४ पाहतात.