बेलीफ कोणाचा माणूस: कोर्टाचा की सरकारचा?

दिवाणी कोर्टाचं समन्स घरी आणून देणारा आणि कोर्टाच्या आदेशावरून जप्ती करणारा कर्मचारी म्हणजे बेलीफ.

नेमणूक कोण करतं?
शीळफाट्याजवळचं शीळ गाव ठाणे तालुक्यात येतं, तर कल्याण-शीळ रस्त्यावर पुढे लागणारं डोंबिवली कल्याण तालुक्यात. बेलीफ ठाणे कोर्टाचा असो वा कल्याणच्या, त्याची नेमणूक ठाण्याचे प्रमुख जिल्हा न्यायाधीश करतात. रोजच्या कामावर नाझराची देखरेख असते. पगार सरकारी तिजोरीतून येतो, पण हुकूम कोर्टाचा चालतो.

सरकारकडे का नको?
भूसंपादनाचा वाढीव मोबदला थकला की शेतकरी कोर्टात दरखास्त दाखल करतो. मग बेलीफ थेट जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खुर्च्या, संगणक, गाडी जप्त करायला जातो. महाराष्ट्रात असं अनेकदा घडलं आहे. त्याची बदली आणि बढती जिल्हाधिकाऱ्यांच्याच हाती असती, तर तो त्या खुर्चीला हात लावू शकला असता का?

खासगी माणसं नेमली तर?
इंग्लंडमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशांची वसुली अधिकृत खासगी अधिकारी फी घेऊन करतात. काम लवकर होऊ शकतं, पण वसुलीवर कमाई असली की देणेकऱ्यावर दबाव वाढण्याची भीती राहते.

बेलीफ दारात आला तर?
ओळखपत्र आणि कोर्टाच्या शिक्क्याचं वॉरंट पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 62 नुसार सामानाच्या जप्तीसाठी त्याला सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरता येत नाही. कलम 60 नुसार नेसायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत. बँकेचा वसुली एजंट हा बेलीफ नसतो. बेलीफबद्दल तक्रार असेल तर ती वॉरंट काढणाऱ्या कोर्टाकडे किंवा प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे करता येते.