एका तळ्यात नऊ नद्या

देव एकाच वेळी सगळीकडे असतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ही कल्पना माणसांनी रोजच्या जगण्यात कशी वापरली? ते पाहण्यासाठी आज मी तुम्हाला तमिळनाडूत, कावेरीकाठच्या कुंभकोणमला नेणार आहे.

या गावात महामहम नावाचं सुमारे सहा एकरांचं तळं आहे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या आणि काठावर सोळा मंडप. तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी हे मंडप बांधवले, असं मानतात. उत्तरेच्या काठावर काशी विश्वनाथाचं देऊळ आहे आणि त्यात नऊ नद्यांच्या मूर्ती आहेत. गंगा, यमुना, सरस्वती, नर्मदा, गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा, शरयू आणि कावेरी.

कथा अशी, की लोकांची पापं धुऊन नद्या स्वतःच मलिन झाल्या. त्या शंकराकडे गेल्या. त्याने सांगितलं, बारा वर्षांतून एकदा सगळ्या जणी या तळ्यात येऊन स्नान करा. गुरू सिंह राशीत असताना, मासी या तमिळ महिन्यात मघा नक्षत्रावर हे पर्व येतं. २०१६ साली ते २२ फेब्रुवारीला होतं.

आता गंमत पाहा. गुरू सिंहेत आला की आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ असतो. तोही २०१५-१६ मध्येच झाला. मग त्या पर्वात गोदावरी कुठे होती? नाशिकलाही होती आणि कुंभकोणमलाही. यात कुणाला काही विसंगत वाटलं नाही. कारण आपल्या परंपरेत नदी म्हणजे नुसतं वाहतं पाणी नाही. नाव घेऊन बोलावलं की ती येते.

हे बोलावणं पर्वापुरतंच नाही. आंघोळीच्या वेळी म्हणायचा श्लोक अनेक घरांत अजून म्हटला जातो. त्यात सात नद्यांना समोरच्या पाण्यात यायची विनंती असते. महाराष्ट्रातल्या न्हाणीघरात कावेरी येते, कावेरीकाठच्या घरात गोदावरी येते. सिंधूही येते, तिचा बहुतेक प्रवाह आज सरहद्दीपलीकडे आहे, तरी बोलावणं थांबलेलं नाही.

मला यात मोठी सोय दिसते. रेल्वे येण्यापूर्वी काशीयात्रेला महिनोन्‌महिने लागत आणि परत येण्याची खात्री नसे. गरीब, म्हातारे, आजारी, घरात अडकलेल्या बायका यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी गंगाच तांब्यात आली.

दूर जाऊन राहिलेल्यांनाही याचा आधार झाला असणार. १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि भोसल्यांची गादी तिथे १८५५ पर्यंत टिकली. या काळात कितीतरी मराठी घराणी कावेरीकाठी स्थिरावली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव अशाच मराठी घराण्यातले. त्यांचा जन्म १८२८चा, कुंभकोणमचाच. अशा घरांना पूर्वजांची गोदावरी शेकडो कोस लांब होती. पण महामहमच्या तळ्यात ती गावातच येत होती.

याला दुसरी बाजूही आहे. १८ फेब्रुवारी १९९२ला महामहमच्या वेळी याच तळ्यापाशी चेंगराचेंगरी झाली. सुमारे पन्नास माणसं गेली. तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता त्या दिवशी स्नानाला आल्या होत्या. २००३ साली नाशिकच्या सिंहस्थातही तसंच घडलं, तिथे एकोणचाळीस जण गेले. नदी सगळीकडे असू शकते, माणसाचा देह एकाच जागी असतो. लाखो देह एकाच मुहूर्ताला, एकाच पायरीवर आले, की दगडी काठ त्यांना पुरत नाही.

म्हणून बंदोबस्त हवा, अरुंद वाटा मोकळ्या हव्यात. पण त्याबरोबर परंपरेनेच दिलेली सवलतही आठवायला हवी. ज्या श्रद्धेने नऊ नद्या एका तळ्यात आणल्या, तिनेच सात नद्या घरच्या तांब्यात आणल्या. एक खरी आणि दुसरी दुय्यम, असं ती श्रद्धा म्हणत नाही.

२०२७ मध्ये नाशिकला शाही स्नानं आहेत, २०२८ मध्ये कुंभकोणमला महामहम. ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं, सांभाळून जावं. पण घरातल्या आजीला गर्दीत नेणं शक्य नसेल, तर तिचं काही हुकलं असं तिला वाटू देऊ नका. तिच्या तांब्यात गोदावरी रोज सकाळी येते.